अंगठाभर कमी

"काप लवकर," ओडिएल म्हणाला.

"आधी चौकटीतून काढू तर दे. की चौकटीसकट कापू?" मी म्हटलं.

तो बसला होता. माझ्या दुकानामागच्या खोलीत, शेगडीजवळच्या स्टुलावर, टोपी मांडीवर घेऊन. टेबलावर त्याचं चित्र उताणं ठेवलेलं. खिडकीपाशी हिलेर मास्तर उभे, चर्चच्या मंडळाचे चिटणीस. शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण बोलताना तर्जनी वर गेल्याशिवाय शब्द बाहेर पडत नसे. एका हातात मोजपट्टी, दुसऱ्यात मंडळाचा कागद. कागदाखाली ओडिएलची सही.

"चारी बाजूंनी एकेक अंगठा," मास्तर म्हणाले. "आणि कापलेल्या पट्ट्या माझ्यासमोर शेगडीत जाळायच्या. तसं लिहिलंय. मी नाही हो लिहिलं, लिओंटीन, माझ्याकडे अशी बघू नकोस."

"तुमच्याकडे कुठे बघतेय, मास्तर? तुमच्या बुटांकडे बघतेय. आत्ताच झाडून घेतलंय मी."

त्यांनी निमूटपणे दारात जाऊन बूट पुसले. खरं तर त्यांच्यावर राग काढण्यात काही अर्थ नव्हता. राग होता तो स्टुलावर बसलेल्या माणसावर. साडेतीन वर्षं मी त्याच्याशी धड बोलले नव्हते, आणि त्या दिवशी करवत हातात घेताना मला मनातून बरंच वाटत होतं. ते मी लपवणार नाही.

आमच्या लिंडेकेर्के गावच्या चर्चमध्ये जुनी म्हणावी अशी एकच वस्तू आहे. बाकीचं सगळं दोन युद्धांनी खाल्लं. ओकच्या फळीवर काढलेलं, माझ्या छातीइतकं उंच चित्र: क्रुसावरून उतरवलेला ख्रिस्त, आणि त्याला मांडीवर घेऊन बसलेली मरिया. पाचशे वर्षांपूर्वी कोणी काढलं ते कुणालाच माहीत नाही. माझ्या आजोबांच्या काळात कुणीतरी म्हणे हुबेहूब नक्कल टांगून खरं चित्र पळवायचा घाट घातला होता. तेव्हापासून नियम झाला, की या चित्राची नक्कल करायची तर चारी बाजूंनी एकेक अंगठा, म्हणजे अंगठ्याच्या रुंदीइतकं, कमी. मंडळाचा माणूस येऊन मोजून जायचा. आमच्या घराण्यात चौकटी करण्याचं काम, त्यामुळे हे अंगठ्याचं माप मी पाढ्यांच्याही आधी शिकले.

ओडिएल डेरूव बाविसाव्या वर्षापासून त्या एकाच चित्राच्या नकला करायचा. मोठ्या मठांसाठी, छोट्या घरांसाठी, काँगोतल्या मिशनसाठी. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं, की वर्षाच्या आत भिंतीवर ओडिएलची मरिया यायचीच. ती आली नाही तर शेजारीपाजारी कुजबुजायचे, की घरच्यांना सुटल्यासारखंच झालेलं दिसतंय. मी लहान असताना वडिलांना विचारलं होतं, हा एवढा हुशार आहे तर स्वतःचं चित्र का काढत नाही? वडील म्हणाले, "त्याला बघता येतं. ज्याला बघता येतं त्याला बाकीची हौस उरत नाही."

आणि खरोखरच तो बघायचा. मरियाच्या रुमालाला किती चुण्या, जमिनीवर गवताची किती पाती, ख्रिस्ताच्या पायाच्या कुठल्या नखात चीर, सगळं त्याला पाठ होतं. मरियाचे डोळे खाली झुकलेले आणि डाव्या गालावर एकच अश्रू. तो अश्रू तो सगळ्यात शेवटी काढायचा, दोन केसांच्या ब्रशने, श्वास रोखून. मग चित्र सुकलं, की त्यावर एक पातळ तपकिरी थर चढवायचा. आम्ही त्याला रस्सा म्हणायचो. रस्सा लागला की आकाश शेवाळी व्हायचं, पांढरा रुमाल कॉफी सांडल्यासारखा दिसायचा, आणि नवी फळी चर्चमधल्या चित्राची सख्खी बहीण वाटायची. त्या रश्शात काय काय पडतं हे त्याने कधी कुणाला सांगितलं नाही.

"माझं त्यात काही नाही," तो अभिमानाने म्हणायचा. "जे आहे ते मी बघतो आणि मांडतो. एक ठिपका माझ्या मनाचा दाखव, पैज."

फळ्या तयार करायची त्याची बायको, इर्मा. सशाच्या कातड्याचा सरस स्वयंपाकघरात उकळायचा, त्यात खडूची भुकटी कालवायची, फळीवर आठ हात द्यायचे आणि प्रत्येक हात घासून गुळगुळीत करायचा. त्या घरातल्या सूपलाही सरसाचा वास यायचा. इर्मा माझी पहिल्या इयत्तेपासूनची मैत्रीण. तिच्या तोंडाला लगाम नव्हता. "मी याच्या मरियाला आतून पांढरी करते," ती म्हणायची, "आणि हा मेला वरून काळी करतो." त्यांना मूल झालं नाही. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, मीही विचारलं नाही.

सदुसष्ट साली राजधानीतून माणसं आली. भिंगातून चित्र बघितलं, माना हलवल्या, आणि ठरलं की चित्र तिकडे नेऊन स्वच्छ करायचं. तीन वर्षं तरी लागतील. तेवढे दिवस वेदीवरची भिंत उघडी कशी ठेवायची? मंडळाने ठराव केला: ओडिएलने नक्कल करावी, आणि ती पूर्ण मापाची. इतक्या वर्षांत पहिल्यांदा अंगठ्याचा नियम बाजूला ठेवला. फक्त एक अट, की खरं चित्र परत आलं की नक्कल चारी बाजूंनी कापायची आणि पट्ट्या जाळायच्या. ओडिएलने न वाचताच सही ठोकली असणार. सकाळी अकरा वाजता तो माझ्या दुकानात आला तेव्हा तोंडाला जिनचा वास येत होता. एरवी लग्नातही घोटभरच घेणारा माणूस.

"टीन, पुरं माप!" तो म्हणाला. लिओंटीनचं तो टीनच करायचा. हात थरथरत होते. "कडेपासून कडेपर्यंत. पुरं!"

फळी इर्मानेच केली. पण त्या उन्हाळ्यात खडूच्या दोन थरांच्या मध्ये ती खुर्ची ओढून बसायला लागली. मी विचारलं तर म्हणाली, "पोट जरा कुरकुरतंय. म्हातारी होतेय, दुसरं काय." नाताळात तिने सशाचं कालवण केलं आणि स्वतः घासभरही खाल्लं नाही. जानेवारीत डॉक्टरांनी सांगितलं, की आता काही करण्यासारखं नाही. ओडिएलला सगळं माहीत होतं. मी हे मुद्दाम सांगते, कारण नंतर गावात काही जण म्हणायचे, बिचाऱ्याला अंदाज नव्हता. होता. पुरता होता.

चित्र न्यायला गाडी येणार होती सोमवारी, अठरा मार्चला. त्याआधीच्या शनिवारी सकाळी नर्सबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आजचाच दिवस." बारानंतर इर्माचा श्वास बदलला. नर्सबाईंना तिच्यापाशी बसवून मी अॅप्रनवरच चर्चकडे पळाले.

ओडिएल वेदीसमोर चौरंगावर चढून बसला होता. दक्षिणेच्या खिडकीतून चित्रावर लख्ख ऊन. दोन केसांचा ब्रश हातात.

"ओडिएल, चल. आत्ताच्या आत्ता."

"उजेड आहे अजून," तो म्हणाला. मान वळवली नाही. "अर्धा तास."

"तिच्याकडे अर्धा तास नाही!"

"अश्रू राहिलाय, टीन. उद्या रविवार, दिवसभर बसू देणार नाहीत. परवा गाडी. हा एवढा अश्रू."

चर्चमध्ये जे बोलू नये ते मी त्याला बोलले. मेणबत्त्या लावणारी म्हातारी कानावर हात ठेवून बाहेर गेली. तो हलला नाही. त्याचा हात चित्राजवळ तसाच अधांतरी होता, आणि मला अजून आठवतं, तो मुळीच थरथरत नव्हता.

मी परत आले. इर्माने डोळे उघडले. "आला का?"

"आला," मी म्हटलं. "खाली बूट काढतोय."

"बूट काढतोय?" ती हसली, खरंच हसली. "म्हणजे चिखल घेऊनच आला असणार."

दोन वाजून वीस मिनिटांनी ती गेली. बाहेर तसंच ऊन होतं, आणि रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

तो आला साडेतीनला. अंगठ्यावर पांढरा रंग होता. दारात उभं राहून बराच वेळ बघत राहिला. मी वाट बघत होते की हा आता कोसळेल, ओरडेल, काहीतरी करेल. त्याने मला एकच विचारलं.

"हात कुठे होता तिचा? शेवटी?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "पांघरुणावर होता," मी म्हटलं. "उजवा. तळवा वर. उघडा होता आणि रिकामा होता. तुझी वाट बघत होता. झालं समाधान?"

त्याने मान डोलावली. चित्रासमोर बसून एखादी चुणी मनात टिपून घेतल्यावर डोलावतो, अगदी तशीच. त्या मान डोलावण्याबद्दल मी त्याला साडेतीन वर्षं माफ केलं नाही.

इर्माच्या प्रेतयात्रेनंतरच्या कॉफीला मी ब्रेड वाटला, प्लेटा गोळा केल्या, त्याच्याकडे बघितलं नाही. आमच्याकडे माणूस गेलं की वाटतात त्या प्रार्थनेच्या कार्डावर, तिच्या नावाच्या, छापखान्याने ओडिएलच्याच एका नकलेचा फोटो घातला होता, गावात सगळ्यांच्याच कार्डावर तो असायचा. मी ते कार्ड प्रार्थनेच्या पुस्तकात उलटं ठेवलं. मोठ्या नकलेची चौकट मंडळाने मलाच सांगितली होती. ती मी केली, वरख लावला आणि हातगाडीवरून त्याच्या दारात पोचवली. फळी आत कशी बसवायची हे तो जाणत होता. तीन आठवड्यांनी चित्र सुकल्यावर त्याने ती स्वतःच बसवली. मी बघायलाही गेले नाही.

एकाहत्तरच्या ऑक्टोबरात खरं चित्र परत आलं. रविवारी चर्च खच्चून भरलेलं. फादर इतके खुशीत होते की प्रवचन अर्ध्यावरच आवरलं आणि कापड ओढलं.

आकाश निळं होतं. निळं म्हणजे जून महिन्यात कपडे वाळत घालावेत असं निळं. रुमाल पांढराशुभ्र. मागे जिथे आम्ही जन्मभर काळोख बघितला होता तिथे एक गाव निघालं होतं, पूल, पुलावर गाढव हाकणारा माणूस. आणि मरियाच्या झुकलेल्या पापण्या निघून गेल्या होत्या. ती सरळ आमच्याकडे बघत होती. गाल कोरडे.

"पापण्या आणि अश्रू मुळातले नव्हतेच!" फादर सांगत होते. "दोनशे वर्षांपूर्वी कुण्या डागडुजी करणाऱ्याने वरून काढले. तज्ज्ञांनी कापसाच्या बोळ्याने अलगद पुसून घेतले. विचार करा, दोनशे वर्षं आपण एका परक्या माणसाच्या अश्रूपुढे गुडघे टेकत होतो!"

लोक हसले, फादरही हसले. माणूस चांगला, पण त्यांना आमच्या गावात येऊन दोनच वर्षं झाली होती.

माझ्यापुढे तीन बाकं सोडून ओडिएल बसला होता. मला त्याची मानच दिसत होती आणि मानेवरचे पांढरे केस. साडेतीन वर्षं मी देवाकडे मागत होते, की याला एकदा कळू दे. आता कळत होतं, भर चर्चमध्ये, लाऊडस्पीकरवरून. आणि मला ते बघवेना. मी प्रार्थनेच्या पुस्तकात तोंड घातलं.

मिसाची प्रार्थना सुटल्यावर कॅफेत रेमी बेकरीवाल्याने त्याला गाठलंच. "काय रे ओडिएल, चाळीस वर्षं आमच्या गळ्यात पारोशी बाई मारलीस की! आंघोळ घालून द्यायची तरी!"

सगळे खो खो हसले. ओडिएलही हसला. त्याने अर्धा ग्लास तसाच ठेवला, टोपी घातली आणि निघून गेला.

मग बाया त्याच्या दारात यायला लागल्या. आमच्या मरियाचाही अश्रू पुसून द्या ना, आता सगळ्यांना माहीत झालंय, बरं दिसत नाही. तो नाही म्हणाला नाही. टर्पेंटाइनची बाटली आणि कापूस घेऊन तो घरोघर गेला आणि ज्यांनी सांगितलं त्यांचा अश्रू पुसून आला. एका घरी बाईने पुसल्यावर रडायला सुरुवात केली, म्हणाली, परत काढा, माझ्या आंद्रेच्या वेळचा आहे तो. त्याने परत काढला. नवीन नक्कल मात्र कुणी सांगेना. राजधानीत छापलेली रंगीत चित्रं आता दुकानात टांगलेली असायची, निळ्या आकाशाची.

नोव्हेंबरात, कबरींवरची शेवंती अजून सुकली नव्हती तेव्हा, तो माझ्या दुकानात आला. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा.

"मंडळाचं पत्र आलंय. कापायचंय. तुझी करवत बरी."

"आण," मी म्हटलं. एवढंच.

तर असे आम्ही तिघं त्या खोलीत.

मी चौकट पालथी केली, खिळे उपसले, फळी उचलून सुलटी ठेवली. चौकटीचा ओठ चित्राची अंगठाभर कड झाकतो. ती कड साडेतीन वर्षांनी पहिल्यांदा उजेडात आली. वरची बाजू शेवाळी आकाश, खालची गवत, उजवी खडक. डावी बाजू नुसताच काळोख असायला हवी होती.

डाव्या कडेला, मध्यभागी, एक हात होता. माझ्या नखाएवढा. करड्या पांघरुणावर ठेवलेला, पांघरुणाला लाल काठ. तळवा वर, बोटं किंचित मिटत आलेली. तर्जनीच्या मुळाशी सरसाच्या भांड्याने भाजल्याचा चट्टा. त्यावर रस्सा नव्हता. सगळ्या काळ्या फळीवर तेवढीच जागा स्वच्छ होती, कातडीचा रंग कातडीसारखा. आणि हात रिकामा होता.

मी शब्दाने मारलेलं ते त्याने जसंच्या तसं मांडलं होतं. एक ठिपका स्वतःच्या मनाचा नाही. आणि मांडलं कुठे, तर जी जागा कापून जाळायची म्हणून सही केली होती, बरोबर तिथे.

मी ओडिएलकडे बघितलं. तो टोपीची कड चाचपत होता.

"ओडिएल," मी म्हटलं. "आपण मंडळाला विचारू. अर्धा अंगठा चालेल का म्हणून..."

"एक अंगठा म्हणजे एक अंगठा," तो म्हणाला. "सही आहे माझी. काप, टीन."

मास्तरांनी मोजपट्टी ठेवून पेन्सिलीने चारी रेघा मारल्या. डाव्या कडेची रेघ मारताना मी मुद्दाम मध्ये उभी राहिले, दिवा अडवून सावली पाडत. त्यांचा चष्मा खिशात होता.

आधी सुरीने रेघ खोल करून घ्यायची, त्यावर कागदाची पट्टी चिकटवायची, मग बारीक दातांची करवत, रंगाच्या बाजूने, म्हणजे टवके उडत नाहीत. हे मी हजारदा केलंय. त्या दिवशी करवत पुढे जाईना. वरची पट्टी सुटली, खालची, मग उजवी. प्रत्येक वेळी टेबलावर आधी तपकिरी भुसा पडायचा आणि त्यात पांढरी भुकटी. ती इर्माची खडूची भुकटी. मी झाडली नाही. मास्तर एकेक पट्टी उचलून शेगडीत घालत होते. जुनं तेल पेटल्याचा वास खोलीभर झाला आणि ओक तडतडला.

चौथी पट्टी सुटली तशी मी ती मुठीत धरली.

"आण," मास्तरांनी हात पुढे केला.

"ही ठेवावी लागेल, मास्तर."

"का?"

"चौकट आता मोठी झाली ना. फळी आत खुळखुळणार. भरीला पट्ट्या लागतील, आणि एका बाजूला तरी त्याच फळीचं लाकूड हवं. दुसरं लाकूड उन्हाळ्यात वेगळं फुगतं. फळी चिरेल."

"मग आधीच्या तीन का जाळू दिल्यास?"

"आठवलं नाही. वय झालं."

मास्तरांची तर्जनी वर गेली. "लिओंटीन, कागदावर स्पष्ट लिहिलंय..."

"लिहिणाऱ्याने जन्मात एक तरी चौकट केली होती का?"

"बघू," ते म्हणाले, आणि खिशातून चष्मा काढून डोळ्यांना लावला. आता काही इलाज नव्हता. मी पट्टी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती खिडकीकडे नेली. बराच वेळ पाठमोरे उभे होते. त्यांच्या शाळेच्या स्वयंपाकघरात इर्मा पाच वर्षं बटाटे सोलायला जायची.

"लाकूड चांगलं आहे," शेवटी ते म्हणाले. पट्टी परत माझ्या हातात दिली, टेबलावर कागद पसरला आणि खाली लिहिलं, की चारही पट्ट्या माझ्यासमोर जाळल्या. सही केली. "रंगाची बाजू आतच राहील ना?"

"आतच राहील. कुणाला दिसणार नाही."

ते टोपी घालून गेले. दारात पुन्हा एकदा बूट पुसले, बाहेर पडताना.

आम्ही दोघंच उरलो. मला वाटत होतं की आत्ता नाही बोलले तर मी कधीच बोलणार नाही. मी त्याच्यासमोर लाकडाच्या ढिगावर बसले.

"ओडिएल, तिचा हात रिकामा नव्हता."

त्याने वर बघितलं.

"मी धरला होता. शेवटपर्यंत. तुला लागावं म्हणून तसं बोलले. मी खोटं बोलले, ओडिएल."

त्याने शेगडीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, आता हा मला मारेल, आणि मारलं असतं तर बरंच झालं असतं.

"म्हणजे हेही चुकलंच," तो म्हणाला.

"बदलायचं का? अजून हातात आहे. रंग आणतोस?"

"काय काढू? मी होतो कुठे बघायला?" त्याने तोंडावरून हात फिरवला. मग विचारलं, "घट्ट धरला होतास?"

"घट्ट."

"बरं केलंस," तो म्हणाला. आणि मग त्याचे खांदे हलायला लागले. चाळीस वर्षं एका परक्याचा अश्रू गिरवणारा तो माणूस माझ्या भुशाच्या ढिगाशेजारी बसून लहान मुलासारखा हुंदके देत होता, आणि मला त्याच्या पाठीवर हात ठेवायचंही सुचलं नाही. मी उठून कॉफी ठेवली.

पट्टी मी डाव्या बाजूला बसवली, रंग आतल्या बाजूला, फळीला चिकटून. बाकीच्या तीन बाजूंना साधं लाकूड. ते चित्र कुणालाच नको होतं. शेवटी मठातल्या सिस्टर लोकांनी त्यांच्या वृद्धाश्रमातल्या जेवणघराबाहेरच्या बोळात टांगलं. तीन वर्षांनी ओडिएललाही तिथेच नेलं. तेव्हा डोळे गेले होते, ब्रश धरवत नव्हता.

रोज दुपारी सूप झालं, की तो खुर्ची ओढत त्या बोळात जायचा. चित्रासमोर कधी बसला नाही. डाव्या बाजूला, भिंतीला खांदा लावून बसायचा आणि चौकटीच्या कडेवर हात ठेवायचा, मध्यभागी. नर्स म्हणायच्या, आजोबांना भ्रम झालाय, चौकटीशी बोलतात. मी रविवारी जायचे. तो बोलत नव्हता. नुसता धरून बसायचा.

अशी चार वर्षं गेली. गेल्या फेब्रुवारीत तो गेला. त्याच्या कार्डावर छापखान्याने निळ्या आकाशाची मरिया घातली, कोरड्या गालांची. मी ते कार्ड पुस्तकात इर्माच्या कार्डाशेजारी ठेवलं, आणि तिचं सुलटं केलं.

पुढच्या आठवड्यात मोठ्या सिस्टर दुकानात आल्या. "लिओंटीन, त्या बोळातल्या चित्राची चौकट बघायला हवी. डाव्या बाजूला तळव्याएवढा वरख पार घासून गेलाय. खालचं लाकूड काळं पडलंय. पाहुणे येतात, फार वाईट दिसतं. जरा सोनं चढवून देशील?"

माझ्यासमोर खण उघडाच होता. त्यात वरखाची नवी वही, एकही पान न फाडलेली.

"वरख संपलाय, सिस्टर," मी म्हटलं, आणि गुडघ्याने खण आत ढकलला.